बिघडलेल्या चाव्यांचा दाखला

जगातल्या सगळ्या माणसांनी उद्यापासून एकमेकांवर विश्वास ठेवायचं ठरवलं, तर परवा माझ्या घरात चूल पेटणार नाही. मी चाव्या करतो. चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या भिंतीला टेकून माझी टपरी उभी आहे. टपरी भिंतीला टेकली आहे की भिंत टपरीला, हा माझा आणि औषधवाल्याचा वाद अजून मिटलेला नाही. ते असो. सांगायचं इतकंच, की संशय हे माझं भांडवल आहे. माणसाला शेजाऱ्याचा संशय आला की तो नवं कुलूप बसवायला येतो, घरातल्यांचा आला की कपाटाचं कुलूप बदलायला येतो, आणि स्वतःच्या विसराळूपणाचा आला की दुसरी चावी करून घ्यायला येतो. तिसऱ्या प्रकारची माणसं सगळ्यांत कमी.

असल्या धंद्यात चावीवाल्याचाच संशय यायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मी पहिल्यापासून एक रीत पाळली. चावी करायची ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत. नाव विचारायचं नाही. आणि कानस चुकून खाच खोल गेली, चावी बिघडली, तर ती बिघडलेली चावीसुद्धा चांगल्या चावीबरोबर गिऱ्हाईकाच्याच हातात द्यायची. बिघडलेली चावी म्हणजे जवळजवळ बरोबर चावी. नुसती बघूनही जाणकार माणूस दुसरी करू शकतो. ती माझ्या टपरीत राहिली तर झोप गिऱ्हाईकाची उडायला हवी. पण उडाली असती माझी. गिऱ्हाईकं ती घेतात, तोंड वाकडं करतात आणि घरी नेऊन कुठल्यातरी खणात टाकतात. इतकी साधी गोष्ट. हिला काही नाव असतं हे मला ठाऊक नव्हतं.

नाव सूनबाईने आणलं.

ती दोन दिवसांच्या एका वर्गाला जाऊन आली होती. धंदा कसा वाढवावा, असा काहीतरी वर्ग. येताना निळी वही घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. त्याच आठवड्यात टपरीच्या परवान्याची मुदत संपत आल्याचं पत्र आलं होतं. परवाना नवा करायला चारित्र्याचा दाखला लागणार होता. त्यावर चौकीचा शिक्का आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या. तीन आठवडे हातात होते. दाखला नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर टपरी उचलून न्यायला गाडी येणार. मला त्याची धास्ती होती, सूनबाईला धंद्याची.

"बाबा, लोकांनी तुमचं दुकान कशावरून ओळखायचं?" तिने विचारलं.

"औषधाच्या दुकानावरून."

"तेच चुकतंय," वहीत काहीतरी खोडत ती म्हणाली. "तुमची स्वतःची ओळख पाहिजे. तिला ब्रँड म्हणतात. मग गिऱ्हाईकांशी नातं. आणि या दोन गोष्टी जमल्या की वाढ आपोआप होते."

"या घरात आपोआप वाढलंय ते फक्त यांचं पोट," आमची बायको आतून म्हणाली. मुलगा चहा पीत होता. घरात काही ठरायला लागलं की तो नेहमी चहा पीत असतो.

पहिल्यांदा पाटी झाली. रंगारी माझ्या ओळखीचा. त्याच्या गोदामाचं कुलूप मी तीनदा उघडून दिलेलं. त्याने किल्लीचं एक भलंमोठं भोक काढलं, आणि त्याच्या हातात रंग उरला होता म्हणून की काय, त्या भोकातून बाहेर बघणारा एक डोळा काढला. वर ओळ लिहिली : 'तुमच्या दारावर आमचे लक्ष.'

"राखणीचा भाव आलाय की नाही?" मागे सरून, डोकं तिरपं करून तो म्हणाला.

मला आला असं वाटलं. डोळा चांगला पाणीदार होता. पण दुसऱ्या दिवसापासून बायका टपरीसमोरून जाताना पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला लागल्या. एका गृहस्थाने चावी करायला दिली आणि ती होईपर्यंत पाटीकडे पाठ करून उभा राहिला.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सगळे सूचनाकाका म्हणतात, कारण गेल्या अकरा वर्षांत त्यांनी सूचना दिली नाही असा माणूस या रस्त्यावर राहिलेला नाही. ते आले, चष्मा पुसला आणि पाटीखाली बराच वेळ उभे राहिले.

"हा डोळा बाहेर बघतोय," ते म्हणाले. "म्हणजे चावीवाला आत आहे. कुणाच्या?"

"काय कुणाच्या?"

"घरात, हो! भोकातून बाहेर बघायचं तर माणूस घरात पाहिजे. माझी सूचना अशी, की डोळा बुजवा."

डोळा बुजवायला रंगारी पंधरा दिवस आला नाही. दरम्यान मी त्यावर कागद चिकटवला. वाऱ्याने कागदाचं एक टोक सुटलं आणि डोळा मिचकावायला लागला. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आता नात्याकडे वळू. इथे चूक पूर्णपणे माझी आहे. सूनबाईला कुणी बोल लावू नये. तिने इतकंच सांगितलं होतं, की जुन्या गिऱ्हाईकांना एक-एक चिठ्ठी लिहा, आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की हे खास माझ्यासाठी लिहिलं आहे. मला लिहायला-वाचायला याच सूनबाईने शिकवलं, माझी साठी उलटल्यावर. नवी सायकल शिकलेला माणूस शेजारच्या दुकानातसुद्धा सायकलवरूनच जातो. तसं माझं अक्षरांचं झालं होतं. नऊ दिवस मी टपरीत बसून चिठ्ठ्या लिहिल्या. साठ झाल्या. तिला दाखवल्या नाहीत, कारण ती लाल पेनने चुका काढते, आणि साठ चिठ्ठ्यांवर लाल पेन बघायची माझ्यात ताकद नव्हती.

अडचण एकच होती. मी कधी कुणाचं नाव विचारलेलं नव्हतं. पण दार उघडायला, कुलूप बसवायला मी या रस्त्यावरच्या घरोघरी गेलेलो. माणसं विसरतो, चेहरे विसरतो. कुलूप विसरत नाही. तेव्हा वरच्या बाजूला नावाच्या जागी मी लिहिलं : 'दुसरा मजला, डावीकडे, धक्का दिला की उघडणारे दार.' किंवा 'तळमजला, पितळी कुलूप, कोयंड्याचा एक खिळा निघालेला.' आणि आत मजकूर :

'आपले दार मला नेहमी आठवते. आपल्या कुलपाची दुसरी खाच झिजली आहे. आपण घरी नसताना फार काळजी वाटते. आपला, चावीवाला.'

वाचून माझेच डोळे भरून आले होते.

चिठ्ठ्या वाटायला मी दुपारची वेळ निवडली. त्या वेळी घरात कुणी नसतं, म्हणजे उगाच कुणाला उठून दार उघडायला नको. तीन इमारतींतल्या साठ दारांसमोर मी वाकलो आणि चिठ्ठी फटीतून आत सरकवली. काही फटी अरुंद होत्या, तिथे निम्मी चिठ्ठी बाहेर राहिली. काही दारांशी मला कुलूप ओळखून खात्री करायला जरा जास्त वाकावं लागलं. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाई खाली बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

संध्याकाळी लोक कामावरून आले. माणसाचा स्वभाव असा आहे, की स्वतःची चिठ्ठी उघडण्याआधी तो शेजाऱ्याची वाचतो. तासाभरात सगळ्या रस्त्याला सगळ्या रस्त्याची कुलपं पाठ झाली. कुणाचं दार धक्क्याने उघडतं, कुणाची कडी ढिली, कुणाच्या कोयंड्याला खिळा नाही. दुसऱ्या मजल्यावरची डावीकडची मंडळी समोरच्यांशी वीस वर्षं सलोख्याने राहत होती. त्या रात्री त्यांनी दाराला आतून सोफा लावला.

सकाळी टपरी उघडली तर पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे ही रांग! तो हार्डवेअरवाला, जो माझ्याकडे बघून दहा वर्षांत एकदाही नीट हसला नव्हता, रस्ता ओलांडून आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "दादा, तुमच्यासारखा माणूस होणे नाही." त्याची सगळी कुलपं दुपारपर्यंत संपली.

सूचनाकाका आले ते एक हात लांब उभे राहिले.

"तुमच्या अर्जावर मी आज सही करणार होतो," ते म्हणाले.

"मग करा की."

"आता विचार करतोय. आमचं कुलूप चांगलं आहे असं मला वाटत होतं."

"चांगलंच आहे. फक्त वरची चकती फिरवली की..."

"बोलू नका!" चहूकडे बघत ते ओरडले. "रस्त्यात बोलू नका!"

सूनबाईने एक चिठ्ठी मिळवून वाचली. वाचताना ती खाली बसली. मग म्हणाली, "बाबा, 'झिजली' मधला 'झि' ऱ्हस्व बरोबर आहे." इतकंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बायकोला मात्र शब्द सापडले. "चाळीस वर्षं तोंड मिटून धंदा केलात म्हणून टिकलात," ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं आठवण काढायला? चोरसुद्धा आधी कळवत नाही."

अकराच्या सुमारास शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय. येताना वही आणा."

"कसली वही?"

"दारांची."

चौकीत माझ्याआधी वीस-पंचवीस माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात माझी चिठ्ठी. साठ वर्षं निरक्षर राहिलेल्या माणसाचं लिखाण एकाच वेळी इतक्या लोकांनी हातात धरलेलं बघून मला क्षणभर, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी उलगडून ठेवली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो. अक्षर लागतंय ना?"

"अक्षर लागतंय. म्हणूनच बोलावलं. वही कुठाय?"

"वही नाही, साहेब. सगळं डोक्यात आहे."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "किती दारं?"

"या रस्त्यावरची सगळी. मागच्या दोन रस्त्यांवरची थोडी कमी."

"आणि या चौकीचं?"

"पुढचं दार ठीक आहे," मी म्हणालो. "मागच्याची कडी वर अर्धं बोट कमी पडते. बाहेरून उचलली की येते."

शिपाई हळूच उठला आणि मागे जाऊन आला. येऊन त्याने साहेबांकडे बघून मान हलवली.

त्या क्षणी माझी टपरी मला गाडीवर चढलेली दिसली. मी जे खरं ते सांगत होतो आणि प्रत्येक खऱ्या शब्दाने मी थोडा जास्त चोर होत होतो. अशा माणसाला सोडावं कसं, हे साहेबांनाही कळत नव्हतं. धरावं कसं, हेही. कुणाचं काहीच चोरीला गेलेलं नव्हतं.

"एवढं ठाऊक असून चाळीस वर्षांत कुणाच्या घरात शिरला नाहीत, याला पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? तेवढ्यात मागून शिवणकाम करणाऱ्या बाई पुढे आल्या. यांचं दुकान माझ्या टपरीपासून चौथं. त्याही तक्रार करायलाच आल्या होत्या. त्यांनी आपल्या बटणांच्या डब्यातून तीन चाव्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मला तक्रार करायचीय ती ही," त्या म्हणाल्या. "या माणसाने मला बारा वर्षांत पाच चाव्या केल्या. त्यासाठी आठ कोऱ्या चाव्या खाल्ल्या. ह्या तीन बिघडवल्या. आणि दर वेळी ही भंगाराची भेट माझ्या हातात! मी म्हणायची, 'अहो, मला कशाला, तुमच्या डब्यात टाका,' तर म्हणायचे, 'नाही ताई, तुमच्या घराची चावी तुमच्या घरी.' आता या माणसाला माझ्या दुकानात शिरायचं असतं, तर त्याने ह्या मला दिल्या असत्या का, तेवढं सांगा. मग माझी दुसरी तक्रार सांगते."

साहेबांनी एक चावी उचलली आणि उजेडात धरली. मागे कुजबुज सुरू झाली. "आमच्याकडेही आहे एक." "दोन आहेत आमच्याकडे, पोरांच्या खेळण्यांत."

सूनबाई दाराशी उभी होती. ती लगेच मागे वळून म्हणाली, "मग आणा की! घरी जा, खण उघडा, असतील तेवढ्या घेऊन या. पुरावाच मागतायत ना साहेब?"

आणि लोक गेले, आणि लोक आले. जेवणाच्या डब्यांत, रुमालांत, एका बाईंच्या तर चष्म्याच्या घरात, बिघडलेल्या चाव्या यायला लागल्या. टेबलावर ढीग झाला. शिपायाने मोजल्या. त्र्याहत्तर.

माझी निर्दोष सुटका समोर रचली जात होती आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. माणसाचं अख्खं आयुष्य जातं त्याच्या चुका इकडे-तिकडे विखरून टाकण्यात. कुणी त्या एका टेबलावर गोळा करू नयेत. हार्डवेअरवालाही येऊन उभा होता. तो म्हणाला, "बाप रे! एवढ्या?"

"चाळीस वर्षांत!" मी म्हणालो. "वर्षाला दोनसुद्धा पडत नाहीत!"

"पण सगळ्याच आल्यात कशावरून?" तो म्हणाला. त्याचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटी सूचनाकाका आले होते. त्यांनी आणलेली एक चावी ढिगाच्या टोकाला होती. मी ती उचलली. खाच वेडीवाकडी, कडेला दुहेरी चरा. इतकं गचाळ काम! जे माझं ते मी मान खाली घालून घेतलं असतं, पण हे नाही.

"साहेब, बहात्तर लिहा," मी म्हणालो. "ही माझी नाही."

"अहो, तुम्हीच दिलीत मला!" सूचनाकाका म्हणाले.

"शक्य नाही. माझा हात इतका वाईट कधीच नव्हता."

"म्हणजे मी खोटी चावी आणली? मी? निवृत्त माणूस?"

साहेब माझ्याकडे एकटक बघत होते. "दादा, ही चावी तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. ती का नाकारताय?"

"माझी नाही म्हणून."

साहेबांनी लेखणी उचलली. नंतर शिपायाने मला सांगितलं, की साहेब म्हणाले, स्वतःच्या फायद्याची चावीसुद्धा जो परत देतो, त्याच्यावर संशय घेत बसलो तर जेवायला घरी कधी जाणार? दाखल्यावर त्यांनी लिहिलं : 'अर्जदार प्रामाणिक आहे. अर्जदाराने बिघडवलेल्या बहात्तर चाव्या समक्ष पाहिल्या.' खाली शिक्का. शिवणवाल्या बाईंनी एक सही केली, दुसरी औषधवाल्याने. टपरी गेली तर भिंत पडेल अशी त्यालाही आतून भीती असावी. परवान्याच्या खिडकीतल्या बाईंनी दाखला मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, शेजारच्या खिडकीतल्या बाईंना वाचून दाखवला, आणि शिक्का मारला.

टपरी वाचली. शिवाय त्या आठवड्यात सगळ्या रस्त्याने नवी कुलपं घेतलेली. नव्या कुलपांना जादा चाव्या लागतात. हार्डवेअरवाला चाव्या करत नाही. वाढ म्हणतात ती अशी होते, हे सूनबाईच्या वहीत कुठे लिहिलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पण त्या एका चावीने मला स्वस्थ बसू दिलं नाही. कुलपं बदलल्यामुळे जुन्या चाव्या कुणालाच नको होत्या, म्हणून साहेबांनी ढीग मला दिला होता, त्यात तीही आली. मी ती सकाळच्या उन्हात भिंग लावून पाहिली. दुहेरी चरा. असा चरा फक्त कोपरा तुटलेल्या कानशीने पडतो. आणि टपरी घातली त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एकच कानस होती. कोपरा तुटलेली.

मी तसाच उठून समोरच्या इमारतीत गेलो. सूचनाकाकांच्या दाराला तीन नवी कुलपं होती.

"कोण?"

"मी. चावीवाला."

"एकटेच?"

"एकटाच. काका, ती चावी माझीच आहे."

मग एक कुलूप उघडलं. मग दुसरं. तिसरं त्यांना उघडेना. ते मी बाहेरून उघडून दिलं. त्यांनी त्यावर काही सूचना केली नाही, यावरून त्यांच्या मनाला किती लागलं होतं ते मला कळलं.

"माझ्या वडिलांच्या ट्रंकेची होती ती," ते म्हणाले. "चाळीस वर्षं जपली मी. आणि तुम्ही चारचौघांत मला खोटं पाडलंत."

"चुकलं माझं. काय करू सांगा."

"लावा ती. सगळ्यांच्या पुढे लावा."

म्हणून आता डोळ्याच्या पाटीच्या जागी तारेत ओवलेल्या त्र्याहत्तर चाव्या आहेत, आणि शेजारी चौकटीत 'बहात्तर' लिहिलेला दाखला. संशयी माणूस दाखला वाचतो, चाव्या मोजतो, आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजतो. मग सूचनाकाका पुढे होतात आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतात. त्यात मी रोज जरा जास्त मूर्ख असतो. सूनबाई म्हणते, बाबा, याला म्हणतात ब्रँड. असेल.

त्रास आता निराळाच सुरू झाला आहे. गिऱ्हाईक चांगली चावी खिशात घालतं आणि तिथेच उभं राहतं.

"आणि बिघडलेली?"

"बिघडलीच नाही. एका दमात झाली."

"असं कसं? कुणाला विचारलं तरी सांगतात, एक तरी देतात म्हणून." आणि मग आवाज उतरवून, "ठेवून नाही ना घेतली?"

चाळीस वर्षांत हे कुणी मला विचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ अर्धा तास हलेनात, टपरीखाली वाकून बघायला लागले. मी कंटाळलो. एक कोरी चावी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, डोळे मिटून, वाटेल तशी कानस मारली. म्हटलं, घ्या, ही तुमची बिघडलेली.

ते शंकेखोर गृहस्थ. त्यांनी ती तिथल्या तिथे, बरोबर आणलेल्या आपल्या कुलपात घालून पाहिली.

लागली.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सूचनाकाका दाखला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.